छोटीची खोली, आडवं पडून बघितलेली

फेब्रुवारीतल्या एका रविवारी भर दुपारी मी माहेरच्या माझ्या खोलीत फरशीवर उताणी पडले होते, खाली चटईसुद्धा नव्हती, आणि आई चहाचा कप घेऊन दारात उभी राहून विचारत होती की अगं बरं वाटत नाहीये का. मला छान वाटत होतं. मी बघत होते की या खोलीत आडव्या माणसाला काय काय दिसतं. कारण दोन महिन्यांनी जी इथे राहायला येणार होती तिला बसता येणार नव्हतं, उभं राहता येणार नव्हतं, ती दिवसभर पाठीवर पडून वरच बघणार होती, आणि मी मात्र तोपर्यंत सगळा विचार दारात उभं राहून केला होता, भिंतीला कुठला रंग, पडदे कसले, दारातून आत येणाऱ्याला खोली कशी दिसेल.

थोडं आधीपासून सांगते. दादा-वहिनीला जानेवारीत मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे वहिनी सातव्या महिन्यातच ओटीभरण झाल्यावर सांगलीला गेली. आणि आमच्या आईचा नियम असा की बाळ हातात येईपर्यंत घरात पाळणा आणायचा नाही, झबलं आणायचं नाही, साधं दुपटंसुद्धा नाही. लोक आता सातव्या महिन्यातच खोल्या रंगवतात, फोटो टाकतात, मलाही हौस होती, पण आईने तिच्या डोळ्यांसमोर एका घरात सजवलेला पाळणा रिकामा राहिलेला बघितलाय, त्यामुळे तिच्याशी या विषयावर कोणी वाद घालत नाही. मग बाराव्या दिवशी आम्ही सगळे सांगलीला बारशाला गेलो, गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं, आधी वरवंटा पाळण्याखालून गेला मग छोटी गेली, मी आत्या म्हणून तिच्या कानात नाव सांगितलं, कुर्रर्र केलं, पाठीत सगळ्यांचे धपाटे खाल्ले, घुगऱ्या खाल्ल्या, आणि निघताना वहिनी म्हणाली, आम्ही एप्रिलमध्ये येतो, तोपर्यंत खोलीचं तू बघ, तुझीच खोली आहे ती, तूच लाव.

माझीच खोली. दहा बाय दहाची, पश्चिमेला खिडकी, खिडकीतून पलीकडच्या बिल्डिंगचा जिना आणि लांबवर लोकलचा आवाज. माझी दहावी, बारावी, पहिली नोकरी, लग्नाच्या आदल्या रात्रीची मेंदी, सगळं इथेच. लग्न होऊन मुलुंडला गेले तरी आईने माझं कपाट हलवलं नव्हतं. ते रिकामं करताना मला रडू आलं हे मी मान्य करते, पण वाईट वाटून नाही, मला खरंच वाटत होतं की ही खोली कुणाला मिळायची असेल तर हिलाच मिळावी.

एक गोष्ट सांगलीच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितली होती आणि त्यामुळे माझं बरंच काम सोपं झालं. निदान पहिले सहा महिने बाळाने रात्री आईबाबांच्या खोलीतच झोपायचं, पण त्यांच्या गादीवर नाही, वेगळ्या, घट्ट, सपाट गादीवर, पाठीवर, उशी नाही, जाड पांघरूण नाही, आजूबाजूला सॉफ्ट टॉय नाहीत. म्हणजे रात्रीची झोप दादा-वहिनीच्या खोलीत, आणि ही खोली दिवसाची. तेल लावायची, कपडे बदलायची, खेळायची, वहिनीला निवांत बसून पाजता येईल अशी, आणि दुपारी कुणी शेजारी बसलेलं असताना पाळण्यात एक डुलकी काढायची.

तर फरशीवरून काय दिसलं. सगळ्यात आधी ट्यूबलाइट, सरळ डोळ्यांत. उभ्या माणसाला तिचा काही त्रास नसतो, पण पाठीवर पडल्यावर दोन मिनिटांत डोळे मिटून घ्यावेसे वाटतात. मग पंखा, आणि त्याच्या पात्यांच्या खालच्या कडेला साचलेली काळी रेघ, जी खाली उभं राहून कधी दिसली नव्हती. मग खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात ओलीचा डाग, नकाशासारखा पसरलेला, कडेला बारीक काळे ठिपके. आणि छतावर, ज्याबद्दल मी पार विसरूनच गेले होते, रेडियमचे तारे.

ओलीचं आधी. रंगारी काका आले तेव्हा त्यांनी डागावर नखाने खरवडलं, पापुद्रा निघाला, आणि म्हणाले ताई, यावर वरून कितीही भारी रंग लावा, पहिल्या पावसात परत येणार, कारण पाणी बाहेरून येतंय. छज्जा आणि भिंत जिथे मिळतात तिथे बाहेरच्या बाजूने बोटभर फट होती. आधी ती बाहेरून बुजवली, मग आतला सडलेला गिलावा काढून भिंत पंधरा दिवस नुसती उघडी वाळू दिली, मग वॉटरप्रूफिंग, पुट्टीचे दोन हात, प्रायमर. हे फेब्रुवारी-मार्चमध्येच करायचं काम आहे, जूननंतर डोंबिवलीत भिंत वाळतच नाही. ते काळे ठिपके म्हणजे बुरशी, आणि एवढ्याशा जिवाच्या श्वासात बुरशी जाणं चांगलं नाही, त्यामुळे खोलीच्या बजेटमधला मोठा हिस्सा या न दिसणाऱ्या कामात गेला आणि मला त्याचं अजिबात दुःख नाही. पडदे नंतरही आणता येतात.

रंग वहिनीने व्हिडिओ कॉलवर ठरवला. गुलाबी नको हे तिचं पक्कं होतं. शेडकार्ड कॅमेऱ्यासमोर धरून अर्धा तास झाल्यावर ती म्हणाली हा, श्रीखंडी. तीन भिंती श्रीखंडी आणि छत पांढरं. वास कमी असलेला पाण्यातला रंग घेतला आणि छोटी यायच्या आधी पूर्ण तीन आठवडे खोली रिकामी, खिडकी उघडी, पंखा चालू असं ठेवलं, आई रोज सकाळी दार उघडून वास घेऊन बघायची आणि मला फोनवर सांगायची, आज अजून येतोय, आज थोडा, आज नाही.

आता पाळणा, आणि याच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे.

बाबांचं आजोळ सावंतवाडीचं. तिथे चितार आळीत लाकडी खेळणी आणि रंगीत लाकडी फळं मिळतात ती सगळ्यांना माहीत असतात, पण हा पाळणा तिथल्या एका कातारी माणसाने बाबा जन्मले तेव्हा करून दिलेला, फणसाच्या लाकडाचा, दोन्ही बाजूंना कातीव दांडे. त्यात बाबा झोपले, आत्या झोपली, दादा आणि मी झोपलो. मग तो माळ्यावर गेला. मध्ये कधीतरी ऐंशीच्या दशकात आजोबांनी त्याला हिरवा ऑइल पेंट मारला होता. आम्ही तो खाली उतरवला, धूळ पुसली, दादाच्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि रंगारी काका लगेच पॉलिश पेपर घेऊन म्हणाले, द्या, आत्ता घासून टाकतो. मी अक्षरशः त्यांचा हात धरला.

कारण जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, पिवळ्या-हिरव्या-लाल रंगांत तर बऱ्याचदा. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याने मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून, दहा लाख भागांत जास्तीत जास्त ९० भाग. त्याच्या आधीच्या रंगाचा काही भरवसा नाही. आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, त्यात थोडं चालतं असं काही नसतं. कोरडा रंग घासला की त्याची पूड खोलीभर उडते, फरशीच्या सांध्यात बसते, आणि पुढे रांगणारं मूल तीच बोटं तोंडात घालतं. म्हणून जुनं फर्निचर ज्यांना बाळासाठी काढायचंय त्यांना मी हात जोडून सांगते, घरात घासू नका. आम्ही पाळणा स्टेशनजवळच्या एका सुतारकाकांकडे दिला, त्यांनी तो उघड्यावर, रिमूव्हर लावून, रंग ओला असतानाच खरवडून काढला आणि ते सगळं पिशवीत बांधून टाकलं. चार दिवसांनी गेले तर हिरव्याखालून फणसाचं ते पिवळंधमक लाकूड निघालेलं, हळद लावल्यासारखं.

पण अजून एक होतं. दोन दांड्यांमधली फट. मी पट्टी लावली तर साडेआठ सेंटिमीटर. बाळाच्या पाळण्याला, कॉटला ही फट सहा सेंटिमीटरच्या वर नसावी, नाहीतर अंग निसटून डोकं अडकू शकतं. पट्टी नसेल तर कोल्ड्रिंकचा कॅन घालून बघायचा, आरपार गेला की फट मोठी. आमचा सहज गेला. बाबा म्हणाले, आम्ही सगळे यातच वाढलो की, आणि ते खरंच आहे, पण मला ते उत्तर पुरेसं वाटेना. कोणी म्हणालं आतून उशा लावा, त्याही नकोत, तोंडावर येतात. शेवटी सुतारकाकांनीच मार्ग काढला. प्रत्येक दोन जुन्या दांड्यांच्या मध्ये एक नवा दांडा. फणसाचं लाकूड काही त्यांना मिळालं नाही, म्हणून सागाचे, पण जुन्या दांड्यावरची ती मण्यांसारखी वळणं मोजून, कागदावर उतरवून, तशीच्या तशी कातून घेतली. आता पाळण्याला एक पिवळा दांडा, एक तपकिरी, एक पिवळा, एक तपकिरी असं आहे. वरून नुसतं लाखेचं पॉलिश. बोट फिरवलं तर नव्या दांड्यावर वळणाच्या कडा जरा जाणवतात आणि जुन्यावर त्या गुळगुळीत झाल्यात, किती हात लागले असतील त्यांना.

छताला पाळणा पेलेल अशी कडी नाही, त्यामुळे साखळ्यांऐवजी स्टँड केला, तळ रुंद, पाळणा कलंडू नये म्हणून. आणि मूल पालथं पडायला लागलं, हातावर उठायला लागलं की पाळण्यातली झोप बंद, हेही ठरलेलं आहे, म्हणजे जेमतेम दोन महिने मिळतील. तेवढे पुरेत.

चिमणाळं, म्हणजे पाळण्यावर टांगायचं कापडी पाखरांचं झुंबर, सांगलीहून आलं. वहिनीच्या आजीने स्वतः शिवलेलं, सात कापडी पोपट, मध्ये एक मोर, खणाचे तुकडे, आत कापूस, पंखांवर आरसे आणि कशिदा. इतकं सुरेख की मी ते हातात घेऊन नुसती बघत बसले. मग पाळण्यावर टांगलं, जमिनीवर आडवी झाले आणि वर बघितलं, तर मला दिसली फक्त सात पांढरी पोटं. सगळा कशिदा दोन्ही अंगांना, बघणाऱ्या बायकांसाठी. ज्याच्यासाठी केलं त्याच्या वाट्याला मांजरपाटाचा पांढरा तुकडा. मी आजींना फोन केला, जरा भीत भीतच, की आजी पोपटांच्या पोटावर मी काही शिवलं तर चालेल का. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, अगं बाई, साठ वर्षं चिमणाळी करतेय, हे कधी सुचलं नाही, शीव की, लाल घाल. मग लोकलमध्ये जाता-येता मी पोटं शिवली. एकावर लाल गोल, एकावर काळे-पांढरे पट्टे, एकावर चौकटी, एकावर सूर्य. आरसे मुद्दाम नाही लावले, खाली पडले तर तोंडात जातील, पंखांवरचेही पक्के आहेत ना ते ओढून बघितलं. अगदी तान्ह्या बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचंच जरा स्पष्ट दिसतं आणि तेही काळं-पांढरं, ठळक कडा असलेलं, पण तीन महिन्यांपर्यंत रंग कळायला लागतात आणि हलत्या वस्तूमागे नजर फिरते, म्हणून दोन्ही ठेवलं. टांगलंय मात्र छताच्या हुकाला, पाळण्याला नाही, हात पुरणार नाही एवढ्या उंचीवर, आणि बसायला लागायच्या आधी काढून ठेवायचं.

आईशी दोन गोष्टींवर बोलावं लागलं. एक मोहरीची उशी. तिने पूर्ण किलोभर मोहरी निवडून, धुऊन, वाळवून, मलमलची खोळ शिवून केली होती, डोक्याला गोल आकार येतो म्हणून, दादाला आणि मला केली होती तशीच. डॉक्टर नको म्हणाले हे सांगताना मला फार जड गेलं, ती काही बोलली नाही, उशी कपाटात ठेवून दिली. ती उशी बाहेर काढली वहिनीने, आल्यावर दुसऱ्याच दिवशी, पाजताना कोपराखाली घ्यायला, आणि खरंच मोहरी हाताच्या आकाराची होऊन बसते, खांदा भरून येत नाही. आता ती वहिनीची उशी आहे, आई रोज उन्हात ठेवते. दुसरं धुरीचं. ओवा, वेखंड, धूप घालून निखाऱ्यावरची धुरी, तो वास मलाही प्रिय आहे, पण धूर त्या फुप्फुसांना नको, तसंच मच्छरच्या कॉइलही नकोत. वेखंडाच्या कांड्या आईने कपड्यांच्या खणात ठेवल्यात, झबली-टोपरी घालताना तो वास येतोच. डासांसाठी खिडकीला बारीक जाळी बसवली आणि पाळण्याला मच्छरदाणी.

खिडकीला मांजरपाटाचे दुहेरी पडदे, खाली खणाची किनार, पश्चिमेचं ऊन एप्रिलमध्ये चार वाजता थेट आत येतं म्हणून. ट्यूबलाइट काढून भिंतीवर, कागदी शेडमागे पिवळा दिवा. जमिनीवर चटई, त्यावर आजींनी जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, धावदोऱ्याच्या ओळी इतक्या जवळजवळ की कापड लाटांसारखं दिसतं, छोटीला पोटावर ठेवायला, मान धरायला शिकायला ही सगळ्यात चांगली जागा.

आणि चौथी भिंत, जिला ओल होती ती. तिच्यावर खाली, फरशीपासून दीड फुटापर्यंत गेरूचा पट्टा काढला, कारण पाठीवरचं बघणं संपलं की ती रांगणार, आणि रांगणाऱ्या मुलाचा डोळा तिथेच असतो. माझी ऑफिसमधली मैत्रीण डहाणूची, वारली, ती एक अख्खा रविवार आली आणि तिने पांढऱ्याने तारपा नाच काढला, मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हात गुंफून गोल फिरत जाणारी माणसं. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून अंग, वर गोल डोकं, काड्यांचे हातपाय. तिच्या घरी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, इथे आम्ही रंगच वापरला, पण काडी तिने बांबूचीच आणली होती, टोक चावून मऊ केलेली. ती जिव्या सोमा म्हसेंबद्दल सांगत होती, वारली चित्रं जगभर नेली त्यांनी, २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि तिच्या लहानपणी ही चित्रं लग्नाच्या चौकासाठी, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरच्या चौकोनी चित्रासाठी, सवाशिणी काढायच्या हे पण. शेवटच्या माणसाच्या हातात तिने एक छोटं मूल दिलं. मी सांगितलं नव्हतं.

राहिले तारे. १९९९ मध्ये मी नऊ वर्षांची आणि दादा बारा, बाबांनी चर्चगेटच्या फुटपाथवरून रेडियमच्या ताऱ्यांचं पाकीट आणलं होतं. म्हणायचे सगळे रेडियमचे पण त्यात रेडियम नसतं, दिवसा उजेड शोषून रात्री हिरवट चमकणारं प्लास्टिक असतं. बाकीची पोरं कसेही चिकटवायची, बाबांनी आम्हाला स्टुलावर चढवून सप्तर्षी लावायला लावले होते. क्रतु, पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरा, वसिष्ठ, मरीची. अत्री सगळ्यात फिकट म्हणून त्याला छोटा तारा. वसिष्ठाला चिकटून अरुंधती. मला झोप लागेपर्यंत बाबा खालून बोट दाखवून नावं घ्यायचे.

पंचवीस वर्षांत गोंद वाळून गेला होता, दोन तारे तर हात लावताच पडले. पाळण्यावर ते राहू देणं शक्यच नव्हतं, पडलेला तारा नेमका तोंडात जाईल एवढाच असतो. सगळे काढले, एका डबीत ठेवले. पण काढायच्या आधी मी प्रत्येकाच्या जागी पेन्सिलने फुली मारली, नवा पांढरा रंग देताना काकांनी त्या फुल्यांवर टेपचे तुकडे लावले, आणि रंग वाळल्यावर तिथे मी स्वतः शिडीवर चढून पिवळ्या रंगाचे ठिपके दिले, रुपयाएवढे, अत्रीचा चार आण्याएवढा. ध्रुव मात्र आम्ही लहानपणी लावलाच नव्हता, तारे संपले होते. तो मी या वेळी नवा काढला.

परवा संध्याकाळी सांगलीची गाडी आली. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि छोटीला पाळण्यात ठेवलं. तिने आधी बराच वेळ पंखा बघितला. मग लाल पोटाचा पोपट, तो वाऱ्याने वळला की तिचे डोळे त्याच्याबरोबर वळत होते, हातपाय झाडत होती, वहिनी पाळण्याशी बसून नुसती तिच्या तोंडाकडे बघत होती.

रात्री वहिनी जेवायला बसली तेव्हा छोटीला गोधडीवर ठेवलं होतं आणि बाबा तिच्या शेजारी, गुडघे दुखत असतानाही, आडवे झाले. दोघंही वर बघत होते. मला वाटलं नावं सांगतायत, सांगतही होते, मग एकदम गप्प झाले आणि मला हाक मारली. म्हणाले पुलहापासून क्रतूपर्यंत अंतर आहे त्याच्या पाचपट पुढे त्याच रेषेत ध्रुव असतो, तुझा अलीकडे आलाय. मी म्हटलं बाबा, डोळ्यांनी कसं कळतं तुम्हाला. तर उठून सुतळी आणि टेप घेऊन आले, दादाला शिडीवर चढवलं. पुलह ते क्रतु नऊ इंच. क्रतु ते ध्रुव पंचेचाळीस हवे होते, एक्केचाळीस भरले. पिवळ्या रंगाचा डबा अजून गॅलरीत आहे, छताचा पांढराही उरलाय थोडा. रविवारी छोटीला दुपारभर आईच्या खोलीत ठेवून, खिडकी उघडी टाकून, ध्रुव चार इंच पुढे न्यायचा आहे.